पिस्तुलं फुगून आली त्याची हकिगत

मुक्काम ओबदाया हॅस्केल यांचं शेत,
कॅन्सस.
१९ जून १८८१

आदरणीय थिओडोशिया आत्याबाई यांना,

तुमचा भाचा फिनियस लूमिस याचा टोपी हातात धरून आणि मान खाली घालून नमस्कार.

मी जिवंत आहे. हे आधीच लिहून टाकतो, कारण तीन वर्षं माझं पत्र नाही म्हटल्यावर तुम्ही काय धरून चालला असाल याची मला कल्पना आहे, आणि माझी खोली कोंबड्यांना दिली असेल तर योग्यच केलंत. तुमचे गुडघे कसे आहेत? मागे कळलं होतं त्याप्रमाणे डावा दुखत होता आणि उजवा त्याला सोबत करत होता. चर्चच्या घंटेची दोरी कोणी ओढायची यावरून पाद्रीबुवांशी तुमचा जो वाद चालला होता, तो एव्हाना मिटला असेल किंवा पाद्रीबुवा तरी बदलले असतील. माझी प्रकृती उत्तम आहे. घोड्याने मोडलेला गुडघा पूर्वीसारखाच वाकत नाही, पण त्याची सवय झाली. गुडघा मोडलेल्या गुराख्याला दोनच वाटा असतात, एक घरी परत जायची आणि दुसरी शिध्याच्या गाडीवर स्वयंपाक करायची. आणि घरी तुम्ही होतात. म्हणून गेली तीन वर्षं मी आचारी आहे. (होतो म्हणायला हवं. ते पुढे येईलच.)

पत्र लिहायचं कारण म्हणजे गंज. तुम्ही म्हणाल, तीन वर्षांनी पत्र लिहितो आणि गंजाबद्दल लिहितो. पण आत्याबाई, ज्याने अकरा दिवस सलग पावसात उघड्या माळावर काढले नाहीत, त्याला गंज ही काय चीज आहे ते कळायचं नाही. आम्ही टेक्सासहून बावीसशे गुरं घेऊन नेब्रास्काकडे निघालो होतो. आमचे मुकादम गिडियन स्ट्रॉन. हा माणूस दिवसातून नऊ शब्द बोलतो आणि त्यातले चार गुरांशी. बरोबर अकरा गडी, मी आणि शिध्याची गाडी. दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू झाला आणि मग थांबायचं विसरला. माणसं ओली, गुरं ओली, जळण ओलं. हे सगळं एकदा ऊन पडलं की वाळतं. पण पिस्तूल वाळत नाही. ते झोपताना काळं असतं आणि सकाळी लाल होऊन उठतं. माळावर पिस्तुलाचा उपयोग तसा फारसा नसतो हेही सांगून ठेवतो. साप, पाय मोडलेला घोडा, उधळलेला कळप वळवायला हवेत एखादा बार, एवढंच. पण गुराख्याला त्याच्या बायकोबद्दल वाकडं बोललेलं चालतं (बहुतेकांना बायको नसतेच), पिस्तुलाबद्दल चालत नाही.

तर या गंजावर प्रत्येकाचं स्वतःचं औषध होतं आणि बाकीच्यांची औषधं म्हणजे निव्वळ अडाणीपणा होता. लेफ टर्नबो म्हणून आमचा एक दांडगा गडी. तो बैलाची चरबी वितळवून पिस्तुलाला आतून-बाहेरून माखायचा. त्याच्या पिस्तुलाला गंज खरंच कमी लागला. पण चरबी थंडीत थिजते. एके दिवशी सकाळी त्याच्या घोड्यापुढे (बसायच्या घोड्यापुढे) साप आला. लेफने नेम धरून चाप ओढला आणि पिस्तुलाचा घोडा एखादे आजोबा जिना उतरतात तसा सावकाश खाली यायला लागला. सापाने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग तो आपल्या कामाला निघून गेला.

दुसरा डिटमार. हा जर्मन, पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा. घड्याळं सोडून गुरांमागे का आला असं विचारलं की तो तुमच्या घड्याळाची चौकशी करायचा. त्याच्याकडे बोराएवढ्या बाटलीत देवमाशाचं तेल होतं. कोंबडीच्या पिसाच्या टोकाने एक थेंब घोड्याच्या खिळीला, एक थेंब गोळ्यांच्या चाकाला, आणि पिसावर उरलेलं परत बाटलीत. तिसरा नेमेसिओ, मेक्सिकोकडचा, गुरं हाकण्यात आम्हा सगळ्यांचा बाप. त्याच्याकडे न धुतलेल्या लोकरीचा एक पुंजका होता. मेंढीच्या अंगचं तेल त्या लोकरीत तसंच असतं. रोज संध्याकाळी तो तेवढ्यानेच पिस्तूल पुसायचा आणि कमरेच्या कातडी खोळीत न ठेवता लोकरीत गुंडाळून ठेवायचा. सबंध प्रवासात त्याच्या पिस्तुलावर एक ठिपका पडला नाही. त्यामुळे त्याचं कोणी ऐकत नसे. राहिलेले आठ जण पिस्तूल पांघरुणात घेऊन झोपत, म्हणजे माणसाचा घाम लोखंडाला आणि लोखंडाचा गंज माणसाला. आणि हे आठही जण माझ्या डब्यातली चरबी चोरत.

ही चरबी म्हणजे माझा जीव होता. खारवलेलं डुकराचं मांस तव्यावर परतलं की जी सुटते ती मी डब्यात साठवतो. तिच्यावरच भाकऱ्या खुसखुशीत होतात, बीन्सना चव येते. रोज सकाळी डब्यात चार बोटांच्या खुणा. मी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, तर म्हणाले की रात्री अस्वल आलं असेल. भाकऱ्या कोरड्या झाल्या की हेच लोक गाडीमागे उभे राहून म्हणत, "आचारीबुवा, आज चुन्याच्या केल्यात का?"

प्रकरण हाताबाहेर गेलं ते पावसाच्या नवव्या दिवशी. लेफने भिजलेलं पिस्तूल भिजलेल्या खोळीत खुपसलं आणि डिटमारने ते पाहिलं.

"अरे शहाण्या, कातडं पाणी पितं आणि लोखंडाला पाजतं," डिटमार म्हणाला. "वर कातडं कमावतात त्याचा आंबट रस वेगळा. त्यापेक्षा सरळ नदीत टाक."

"घड्याळजी, तू आपलं टिकटिक कर," लेफ म्हणाला. "तुझ्या त्या तेलाच्या एका थेंबात मुंगीसुद्धा बुडायची नाही."

यानंतर जे झालं ते चिखलात झालं. वीस मिनिटं चाललं. पाच मिनिटांनी लेफ कोणता आणि डिटमार कोणता हे आम्हाला कळेना, आणि दहा मिनिटांनी त्यांनाही कळेना असावं, कारण मध्ये पडलेल्या मुकादमांच्या नाकावर एक गुद्दा बसला आणि तो कोणाचा हे आजतागायत ठरलेलं नाही. मुकादमांनी नाकातलं रक्त पुसलं आणि आपला दोन दिवसांचा शब्दांचा कोटा एकदम खर्च केला. "उद्यापासून सगळी पिस्तुलं आचाऱ्याच्या पेटीत. राखायची त्यानेच. गंज चढला तर तो मी आचाऱ्याला चढलेला समजेन."

मला वाईट वाटलं असं म्हणणार नाही. तीन वर्षं मी त्यांच्या पिठाचा आणि मिठाचा धनी होतो, आता त्यांच्या अब्रूचाही झालो. मी गाडीतली रुंद लाकडी पेटी रिकामी केली. पिस्तुलं गोळा केली, दहा गड्यांची आणि मुकादमांचं धरून अकरा. (नेमेसिओने आपलं दिलं नाही. तो मुकादमांकडे नुसता बघत राहिला आणि मुकादम आकाशाकडे बघायला लागले.) मग माझा डबा घेतला आणि एकेका पिस्तुलाला डुकराची चरबी अशी चोपडली की माझ्या हातातून ती चार वेळा निसटली. हात आखडायचा नाही, हे माझं स्वयंपाकातलं तत्त्व आहे. त्यावर प्रत्येकाला पिठाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलं. पिशव्या झटकल्या नव्हत्या, कारण पिठाने ओल शोषली जाईल असा मी विचार केला. हा विचार मला त्या वेळी फार खोल वाटला होता.

नेमेसिओ शेजारी उभा राहून बघत होता. म्हणाला, "उस्ताद, त्या चरबीत मीठ आहे."

मी म्हटलं, "असणारच. मांस टिकतं ते मिठानेच. पिस्तूलही टिकेल."

तो म्हणाला, "मांस गंजत नाही, उस्ताद." आणि निघून गेला. मला ते त्याचं मत वाटलं.

आता पेटीच्या शेजारी काय होतं ते सांगायला हवं. माझं आंबवणाचं पिंप. आत्याबाई, शिध्याच्या गाडीवरच्या आचाऱ्याला आंबवण हे लेकरासारखं असतं. त्यातलं थोडं घेऊन भाकऱ्या करायच्या, तेवढंच पीठ-पाणी परत घालायचं, ते पुन्हा फसफसून वर येतं. थंडीच्या दिवसांत मी ते पिंप पांघरुणात घेऊन झोपतो. (हसू नका. सगळे आचारी झोपतात.) तर रेड नदी ओलांडताना पाणी चाकांच्या वर होतं, गाडी एका अंगाला कलली, खेचरांनी बाकीच्या गोष्टी ठरवल्या, आणि पलीकडच्या काठाला लागलो तेव्हा पिंप पेटीवर आडवं पडलेलं होतं. निम्मं आंबवण गेलं होतं. मी त्याचा शोक केला. ते कुठे गेलं याचा विचार केला नाही. पेटीचं झाकण ओलं दिसलं, पण त्या दिवसांत ओलं नाही असं काय होतं? फडक्याने वरून पुसलं, त्यावर कॉफीचं पोतं ठेवलं आणि पुढे निघालो.

त्यानंतर दहा दिवस पेटी उघडायची वेळ आली नाही. पाऊस थांबला, ऊन पडलं, गाडीत उबारा चांगला असायचा. वास येत होता, हे मान्य करतो. पण बारा पुरुष, बावीसशे गुरं आणि अकरा दिवसांचे ओले मोजे असताना कोणता वास कोणाचा हे ठरवणं अवघड असतं. एकदा पेटीतून हलकासा आवाजही आला, कोणी झोपेत उसासा टाकावा तसा. मी वर आणखी एक पोतं ठेवलं.

इथून कॅन्ससची गोष्ट. इथल्या शेतकऱ्यांचं म्हणणं असं की टेक्सासची गुरं ज्या गवतावरून जातात त्या गवतावर चरलेल्या त्यांच्या गाई तापाने मरतात. आमची गुरं मात्र धडधाकट असतात, त्यामुळे आम्ही हे मानत नसू. सरकार त्यांचं मानतं आणि दरवर्षी नकाशावर एक रेघ ओढतं, की टेक्सासच्या गुरांनी हिच्या पूर्वेला यायचं नाही. आमच्या मुकादमांना त्या रेघेचा एक कोपरा कापायचा होता. सरळ गेलं तर एक दिवस, वळसा घातला तर चार. ते कोणाला काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त घोडा सरळ घातला.

दुपारी तीनच्या सुमारास एका ओढ्यापाशी पोचलो. पुन्हा बारीक झिमझिम सुरू झाली होती. ओढ्याच्या पलीकडे सहा माणसं ओळीने उभी होती, प्रत्येकाच्या हातात बंदूक. मध्ये पांढऱ्या दाढीचे एक म्हातारे, दुनळी घेतलेले. हेच ओबदाया हॅस्केल, ज्यांच्या टेबलावर बसून मी हे लिहितो आहे. त्यांच्यामागे एका खटाऱ्यावर त्यांची मुलगी बसली होती, लगाम हातात धरून. ती विधवा आहे, नाव तबिथा. नवरा चार वर्षांपूर्वी विहीर खणताना गेला. (हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त एक निळं टोपडं दिसलं.)

"गुरं वळवा," म्हातारे म्हणाले. "गेल्या साली तुमच्यासारखेच एक जण असेच गेले. या वस्तीत एकोणीस दुभत्या गाई मेल्या. माझ्या मुलीकडे दोन उरल्यात. तिसरा माणूस नाही घरात, त्या दोन गाईंवर चाललंय. वळवा."

मुकादम म्हणाले, "नाही."

 आत्याबाई, मी गंमत म्हणून लिहितो आहे, पण त्या घटकेला गंमत नव्हती. दोन्हीकडची माणसं वाईट नव्हती आणि दोन्हीकडच्यांना मागे सरता येत नव्हतं. लेफचा चेहरा मी कधी पांढरा पाहिला नव्हता, तो पाहिला. कोणीतरी मरणार आणि संध्याकाळच्या जेवणाला ताटं कमी लागणार, एवढंच माझ्या मनात आलं. किती कमी, याचा मी हिशेब करायला लागलो आणि मग थांबलो.

मुकादम मान न वळवता म्हणाले, "आचारी. पेटी."

मी गाडीत चढलो, पोती बाजूला केली, झाकण उचललं. ते आधीच थोडं उचललेलं होतं. आत पाहिल्यावर मला वाटलं की मी चुकीची पेटी उघडली. आत पिस्तुलं नव्हती. आत एक पाव होता. पेटीच्या आकाराचा, काठोकाठ फुगून आलेला, वरून वाळून तपकिरी झालेला आणि मध्ये मध्ये तांबूस डाग पडलेला एकच एक पाव. आंबवण फटीतून आत शिरलं होतं, पिशव्यांतलं पीठ त्याला मिळालं होतं, उबारा होताच, आणि माझ्या लेकराने जे त्याला येत होतं ते मनापासून केलं होतं. मी हात घातला तेव्हा ते पुन्हा उसासलं.

मुकादमांसकट अकरा जण हात पसरून गाडीमागे रांगेत उभे, जेवायला उभे राहतात तसे. दुसरं काय करणार? मी कालथ्याने पाव कापला आणि प्रत्येकाला ज्याचा-त्याचा वाटा दिला. कोणता कोणाचा हे ओळखू येत नव्हतं, म्हणून मोठ्या माणसाला मोठा दिला. मुकादमांनी आपला गोळा हातात घेतला, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.  मग त्यांनी चाकू काढला.

मग पलीकडे सहा बंदुका रोखलेल्या आणि अलीकडे अकरा माणसं चाकूने, नखांनी, एक जण दातांनी पीठ खरवडतायत, असं बराच वेळ चाललं.

"हे काय चाललंय?" हॅस्केलनी शेवटी विचारलं.

"एक मिनिट थांबा," लेफ म्हणाला. त्याला घाम फुटला होता. "पिस्तूल काढतोय."

"कशातून?"

लेफने माझ्याकडे बोट दाखवलं. "आचाऱ्याला विचारा," तो म्हणाला.

लेफला नळी सापडली. डिटमारला चाप सापडला आणि तो पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चाक फिरेना, घोडा उठेना, लोखंड दिसलं तिथे गाजरासारखं लाल. मीठ, आंबट आणि ओल, तिघांनी मिळून दहा दिवसांत जे केलं होतं ते पावसाला वर्षभरात जमलं नसतं. एकटा नेमेसिओ आपलं स्वच्छ पिस्तूल लोकरीसकट खांद्याला अडकवून घोड्यावर बसला होता. पण त्याने ते बाहेर काढलं नाही. घोड्याच्या मानेवर डोकं टेकवून तो हसत होता, आवाज न करता, खांदे हलत होते तेवढेच.

हॅस्केलनी आपल्या दुनळीचा घोडा ओढून पाहिला. मग मागे मुलीकडे पाहिलं. तिने काही खूण केली की नाही, मला एवढ्या लांबून दिसलं नाही. "च्यायला," म्हातारे म्हणाले, "माझाही अडकलाय वाटतं. पावसाने. तुमचं काय रे?" त्यांच्या बाजूच्या माणसांनी आपापल्या बंदुका पाहिल्या. एक एक करत चौघांच्या अडकलेल्या निघाल्या. पाचवा म्हणाला की माझी ठीक चालते, पण शेजाऱ्याचा चुकून त्याच्या पायावर पाय पडला आणि नीट पाहिल्यावर त्याचीही अडकलेली असल्याचं त्याच्या लक्षात आलं. पाऊस कोणाला सोडत नाही, आत्याबाई, शेतकऱ्यालाही नाही.

आता दोन्हीकडे कोणाचंच काही चालत नसताना भांडायचं तरी कशाने? सतरा माणसं चिखलात नुसतीच उभी होती. तेव्हा तबिथाबाई खटाऱ्यावरून उतरल्या, घागरा उचलून ओढा ओलांडला आणि सरळ माझ्यापाशी आल्या. "तुम्हीच का ते आचारी?" हो म्हटलं. "पाणी उकळायला ठेवा, मोठ्या भांड्यात." मी तत्परतेने पाणी ठेवलं आणि उकळी फुटल्यावर त्यात पिस्तूल सोडायला लागलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "आधी गोळ्या काढा!" मग शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला आजवर कोणी एकटं सोडलंय का हो?" मी म्हटलं, तीन वर्षं. त्या म्हणाल्या, "दिसतंय."

ती सगळी दुपार माझ्या चुलीभोवती गेली. गरम पाण्याने पीठ आणि मीठ सुटलं, आगीजवळ धरून लोखंड वाळवलं, राखेने गंज घासला. मग बाईंनी खटाऱ्यातून एक लांब चोचीची कुपी आणली, शिवणयंत्राच्या तेलाची. ते तेल थंडीत थिजत नाही, त्यात मीठ नसतं, आणि एका थेंबाच्या जागी एकच थेंब लागतो. डिटमारने एक थेंब बोटावर घेऊन वास घेतला आणि टोपी काढली. वरून पुसायला नेमेसिओने आपली लोकर काढून दिली, तेव्हा कुठे लोकांनी त्याला ती कुठे मिळते असं विचारलं. शेतकरीही आपल्या बंदुका घेऊन येऊन बसले. (त्यांच्या बंदुका फारच लवकर साफ झाल्या. इकडचा पाऊस सौम्य असावा.) मी पोत्याच्या तळाशी उरलेल्या चांगल्या पिठाच्या भाकऱ्या केल्या आणि नेमेसिओ धरून अठरा माणसं मांडीला मांडी लावून जेवली. आणि एकदा का माणसाने समोरच्याला मीठ पुढे करायला सांगितलं, की मग त्याच्यावर नेम धरायला फार नव्याने सुरुवात करावी लागते.

संध्याकाळी मुकादम उठले, बाईंच्या दोन गाई दूर कुंपणात उभ्या होत्या तिकडे थोडा वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "वळसा घालू." हॅस्केलनी त्यांच्यातला एक माणूस वाट दाखवायला दिला, चांगलं गवत लागेल अशा बाजूने.

माझा निकाल निघतानाच लागला. मुकादमांनी विचारलं की आचाऱ्याला ठेवायचं का, ज्यांची हरकत नसेल त्यांनी हात वर करा. एक हात वर झाला, तोही नेमेसिओचा, आणि तो म्हणाला की मी डास मारत होतो. नवीन आचारी डिटमार. कॉफी तो थेंबाने मोजेल आणि सगळे उपाशी मरतील, पण त्यांची पिस्तुलं चकाकत राहतील. निरोप घेताना लेफ घोड्यावरून वाकून म्हणाला, "आचारीबुवा, एक सांगतो. नीट उडालं असतं ना माझं पिस्तूल, तर मी तो म्हातारा मारला असता. नाहीतर त्याने मला." मग त्याने टोपी पुढे ओढली आणि निघाला. मी माझं पिंप काखेत धरून रस्त्यावर उभा राहिलो.

तेव्हापासून इथेच आहे. लाकडं फोडतो, स्वयंपाक करतो, गाईंचं पाहतो. बंदुकांना हात लावू देत नाहीत. बाकी सगळं कुशल. पाद्रीबुवांना, म्हणजे हल्ली जे असतील त्यांना, माझा नमस्कार. गुडघ्यांना जपा आणि घंटेची दोरी कोणाच्या हाती देऊ नका.

तुमचा आज्ञाधारक,
फिनियस

ता. क. एक छोटंसं काम होतं. खरं म्हणजे पत्र त्यासाठीच. तबिथाबाईंना मी परवा, गाईची धार काढताना, एक प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या की ज्या माणसाला तीन वर्षं कोणी ओळखत नाही त्याला उत्तर देणं कठीण आहे, तुम्हाला लहानपणापासून ओळखणारं कोणी असेल तर त्यांचं पत्र आणा. मला तुमच्याशिवाय कोणी नाही. तरी माझ्या वर्तणुकीबद्दल चार ओळी लिहून पाठवाव्यात. मेहनती, निर्व्यसनी, खरं बोलणारा, असं काहीतरी. पाद्रीबुवांच्या टर्कीचा विषय काढला नाहीत तरी चालेल.

ता. क. २. "निर्व्यसनी" लिहिताना मन खात असेल तर "मेहनती" दोनदा लिहा.

ता. क. ३. (निराळ्या अक्षरात)

थिओडोशियाबाईंना सविनय नमस्कार. हे पत्र बंद करायला फिनियसनी माझ्याकडे दिलं आणि न वाचता बंद करा असं सांगितलं, म्हणून वाचलं. हकिगत खरी आहे, फक्त एक गोष्ट त्यांना अजून माहीत नाही. त्या दिवशी आमच्या सहाही बंदुका भरलेल्या होत्या आणि उत्तम चालत होत्या. वस्तीतल्या सगळ्या बंदुका दर शनिवारी मीच साफ करते. बाबा म्हणतात, "एक मिनिट थांबा" म्हणणाऱ्या माणसावर गोळी कशी झाडायची? मी खटाऱ्यावरून 'नको' अशी मान हलवली ती एवढ्याचसाठी. हे फिनियसना कळवू नका, पावसाबद्दल त्यांचं फार चांगलं मत झालेलं आहे.

शिफारशीच्या पत्राची आता गरज नाही. गुडघे बरे असतील तर तुम्हीच निघून या. लग्न नऊ जुलैला आहे. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

तबिथा